समुद्राची वही कोणाच्या हाती?



जिल्हा बैठकीच्या पत्रकात समुद्राचे नाव पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. सोयाबीनचा विमा, कापसाचा भाव, रात्रीची वीज हे विषय बैठकीपुढे तुंबून पडलेले असताना मालवणच्या मच्छीमारांची उठाठेव आम्ही परभणीकरांनी कशाला करायची? आपल्यातल्या कित्येकांनी तर समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही.

आम्ही म्हणतो, हा विषय मासळीचा म्हणून वाचू नका. वहीचा म्हणून वाचा. पाऊस तुमच्या रानात पडतो, पण मोजला जातो महसूल मंडळाच्या यंत्रात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरला तर अतिवृष्टी. तुमचा बांध फुटला, माती वाहून गेली, पण यंत्र दुसऱ्या गावात आणि तिथे आकडा ५० वर थांबला, तर कागदावर तुमच्याकडे काही घडलेच नाही. पैसेवारी पन्नासच्या वर लिहिली गेली की वाळलेले रानही दप्तरात हिरवे दिसते. २०१७ च्या खरिपातल्या सोयाबीनच्या विम्यासाठी २०१८ मध्ये परभणीत शेतकरी रस्त्यावर आले. तो झगडाही शेवटी आकड्यांचाच होता. पीक कापणी प्रयोग कुठे झाले, कोणासमोर झाले, उतारा किती लिहिला, हेच सवाल होते. पिकवणारा एक, मोजणारा दुसरा आणि ठरवणारा तिसरा, ही आपली जुनी दुखणी आहेत.

तेच दुखणे मालवणच्या किनाऱ्यावर गेली जवळजवळ चार दशके चालू आहे. म्हणून त्यांची गोष्ट ऐकायची.

हद्द आखली, गावाला विचारले नाही

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र सरकारने मालवणच्या समुद्राचा एक तुकडा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. या पाण्यात खडक आहेत, खडकांवर पोवळी आहेत, कपारींत मासळीची वीण होते. जागा जपण्याजोगी आहे, याबद्दल आमचा कोणाशी वाद नाही. वाद पुढचा आहे.

ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या गाबीत आणि इतर मच्छीमारांची चूल पेटते, त्या पाण्यात रेघ मारताना त्यांना कोणी विश्वासात घेतले नाही. तेव्हापासून तिथले मच्छीमार अभयारण्याला विरोध करीत आले. शहरातल्या निसर्गप्रेमींना वाटले, हे लोक मासळीचे वैरी. अरे, पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील? मासळी संपली तर पहिला उपवास त्यांच्याच घरात घडतो. त्यांचा विरोध राखणीला नव्हता. आपल्या पोटाच्या जागेवर परक्याने पाटी ठोकावी, याला होता.

आता कायद्याची गंमत पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि कलम २६-अ आले. समुद्रातली हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्याची पुरेशी तजवीज आधी करा, असे ते कलम सांगते. मालवणची अधिसूचना निघाल्यावर चार वर्षांनी सरकारला ही अक्कल सुचली. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

२००२ च्या दुरुस्तीत अभयारण्यासाठी सल्लागार समिती आली. तीत आमदार आहेत, पंचायत राज संस्थांचे प्रतिनिधी आहेत, स्वयंसेवी संस्थांचे आहेत. मच्छीमाराचा हक्काचा पाट मात्र तीत नावानिशी मांडलेला नाही. त्यातून समिती सल्लागार. सल्ला द्यायचा आणि चहा पिऊन घरी जायचे. त्याच दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' असाही एक प्रकार आणला. तिथे गावाच्या माणसांची व्यवस्थापन समिती असते. ऐकायला बरे वाटते. पण तो प्रकार खासगी किंवा समाजाच्या जमिनीसाठी आहे. पाण्यावर गावाचा सातबारा नाही, म्हणून ज्याचे आयुष्य पाण्यावर जाते त्याला तो लागू पडत नाही.

पाहणारा एक, साक्ष दुसऱ्याची

किनाऱ्याला रापण नावाची मासेमारी आहे. होडीतून लांबलचक जाळे अर्धगोल टाकत नेतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. ज्याचे जाळे लागले त्याला वाटा, ज्याची होडी त्याला वाटा, ज्याने दोर ओढला त्यालाही वाटा. आपल्याकडे इर्जिक असते तसाच हा प्रकार, फक्त नांगराच्या जागी जाळे. रापणीला मासळी किनाऱ्यापर्यंत यावी लागते. ती वाटेतच कोणी उचलली तर रापण रिकामी येते.

आणि ती वाटेतच उचलली जाते. पर्ससीनचे जाळे बांगड्या-तारलीच्या अख्ख्या घोळक्याला वेढा घालते आणि खालून नाडी आवळते. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात यांत्रिक ट्रॉलरला मनाई आहे. पर्ससीनवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध आले. दिव्यांच्या झगमगाटात मासळी गोळा करून पकडण्याची पद्धत केंद्राने २०१७ मध्ये बंद केली. २०२१ मध्ये राज्याने कायदा सुधारून दंडाची रक्कम लाखांवर नेली. कायद्यांची थप्पी लागली आहे. मग झगडा संपला का? नाही संपला.

कारण साधे आहे. रात्री समुद्रावर परके दिवे कोणाला दिसतात? होडीवाल्याला. कोणत्या दिशेने बोट आली, किती पाण्यात तिने जाळे टाकले, हे कोण सांगू शकतो? तोच. पण त्याचे पाहणे म्हणजे तक्रार, आणि खात्याच्या माणसाने पाहिले तर पुरावा. खात्याची गस्ती बोट येईपर्यंत ट्रॉलर क्षितिजाआड गेलेला असतो. होडीवाला मग चिडून समुद्रातच भिडतो आणि गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. ज्याचे जळते त्याला कळते, पण ज्याला कळते त्याने लिहिलेले चालत नाही, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात असे: राखीव पाण्याची पाहणी, मोजणी आणि नोंद ही त्या पाण्यावर जगणाऱ्या गावाच्या हाती असली पाहिजे, आणि त्या नोंदीला कायद्यात वजन मिळाले पाहिजे. लोकसहभाग हा शब्द आम्हाला नको. सरकारने मांडव घालायचा, लोकांना सतरंजीवर बसवायचे, फोटो काढायचा आणि अहवालात 'लोकसहभाग साधला' असे लिहायचे, हे आपण पाणलोटापासून स्वच्छतेपर्यंत सगळीकडे भोगले आहे. सहभाग देणारे तुम्ही कोण? पाणी त्यांचे, डोळे त्यांचे, तर वहीसुद्धा त्यांचीच.

वेळासने करून दाखवले

हे होत नाही असे म्हणणाऱ्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळासला जावे. नाना फडणविसांचे गाव म्हणून ते नाव आपण ऐकलेले असते. तिथल्या वाळूवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी खणून काढत, खात, विकत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. भल्या पहाटे किनारा पायी तुडवायचा, कासवाच्या पायांचा माग काढायचा, अंडी मोजून कुंपणाच्या आतल्या खड्ड्यात हलवायची, तारीख लिहायची, आणि दीड-दोन महिन्यांनी किती पिल्ले निघाली, किती समुद्रात सोडली, हे पुन्हा लिहायचे. २००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला शहरातली माणसे येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात, जेवतात. अंडी विकून जे मिळत नव्हते ते अंडी राखून मिळू लागले. पुढे वनखातेही यात आले आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांतही 'कासवमित्र' उभे राहिले.

इथे कोणी बंदुकीचा पहारा बसवला नाही. गावातल्या माणसाने रोज सकाळी पाहिले, मोजले, लिहिले. ज्याने आयुष्यभर तो किनारा तुडवला त्याला कासवाचा माग आणि कुत्र्याचा माग यातला फरक शिकवावा लागत नाही.

या नोंदीला बाजारातही भाव आहे, हे आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावे. जाळ्यातून कासवाला निसटता येईल अशी सोय नाही, या कारणावरून अमेरिकेने २०१९ मध्ये भारताच्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. तळ्यात वाढवलेली कोळंबी चालते, समुद्रातली नाही. ज्या होडीवाल्याच्या जाळ्यात एक कासव कधी मेले नाही, त्याच्या हाती ते सिद्ध करायला काय आहे? काही नाही. लिहिलेले नसेल तर दूर देशातला बाबू तुमच्याबद्दल जे लिहील ते खरे ठरते.

फिजीच्या शिंपल्या

फिजी हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश. तिथे वेराता भागात उकुनिवानुआ नावाचे गाव आहे. चिखलातल्या काइकोसो शिंपल्या वेचून तिथल्या बाया घर चालवत. शिंपल्या मिळेनाशा झाल्या, मिळाल्या त्या लहान. १९९७ मध्ये गावाने स्वतःच बसून २४ हेक्टरचा पट्टा वेचणीला बंद केला. त्यांच्याकडे अशा बंदीला 'ताबू' म्हणतात, आपल्या देवराईसारखे. साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या लोकांनी गावकऱ्यांना दोरी लावून, सरळ रेषेत चालून शिंपल्या कशा मोजायच्या एवढे शिकवले. मोजणी गावाने केली. बंद पट्ट्यातल्या शिंपल्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढल्या आणि त्यांची वीण शेजारच्या खुल्या पट्ट्यातही पसरली. पुढे त्या देशातल्या शेकडो गावांनी हा रस्ता धरला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बंदी गावाने घातली आणि मोजणीही गावाने केली, म्हणून बंदी पाळली गेली. आपण लावलेले कुंपण माणूस मोडत नाही. दोन, त्या देशात किनाऱ्यालगतच्या पाण्यावर गावकुळांची वहिवाट मानली जाते. आपल्याकडे वहिवाट आहे, मान्यता नाही. म्हणून आपल्याकडे वहीची लढाई आणि हक्काची लढाई एकाच वेळी लढावी लागेल.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप शहाण्यांचा. ते म्हणतात, हे शास्त्राचे काम, अडाण्यांना काय जमणार? मालवणचा मच्छीमार तिथीवरून भरतीची वेळ सांगतो. उधाण कधी, भांग कधी, हे त्याला पंचांग न उघडता ठाऊक असते. पाण्याच्या रंगावरून आणि वाऱ्याच्या कलावरून कोणती मासळी लागेल हे तो बोलतो. शास्त्रज्ञ वर्षातून चार दिवस येतो, हा वर्षभर पाण्यात असतो. शास्त्रज्ञ हवाच. मोजण्याची रीत त्याने शिकवावी, अधूनमधून पडताळा घ्यावा, पोवळे का पांढरे पडले ते समजावून सांगावे. पण रोजची हजेरी त्याला जमणार नाही आणि वर्षातल्या चार दिवसांवरून बारा महिन्यांचा निकाल देऊ नये.

दुसरा आक्षेप असा की, राखणदार तोच खाणारा असेल तर खोटे लिहील. कुंपणच शेत खाईल. आम्ही विचारतो, आजचे कुंपण काय करते आहे? दप्तरातला आकडा खोटा निघाला तर पकडणार कोण? गावातही सगळे एका माळेचे मणी नसतात, हे आम्ही मान्य करतो. ट्रॉलरचा मालक आणि रापणीचा दोर ओढणारा एकाच गावात राहतात. पर्यटकांना बोटीतून पोवळी दाखवणारा आणि त्याच खडकाजवळ जाळे लावणारा, दोघांचे हित वेगळे. म्हणून वही एकट्या पुढाऱ्याच्या घरात ठेवायची नाही. नोंद दोन हातांनी व्हावी, महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जावी, शेजारच्या गावाने पडताळावी. आणि त्यात मासळी विकणाऱ्या बायांना पहिली जागा द्यावी. पाटीत काय आले, किती लहान आले, गेल्या वर्षी या दिवसांत काय होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. उघड्यावर वाचलेले खोटे एक दिवसही टिकत नाही. कुलपातले खोटे मात्र वर्षानुवर्षे टिकते.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो सर्वांत जड आहे. ते म्हणतात, आपण लिहून दिले की सरकार तीच वही आपल्या डोक्यात घालील. मासळी कमी झाली असे लिहिले तर जाळी बंद, आणि वाढली असे लिहिले तर हद्द वाढव. ही भीती अनुभवातून आली आहे, तिला हसू नये. पण १९८७ साली मालवणकरांकडे वही नव्हती म्हणून रेघ मारायची राहिली का? नोंद नसण्याने कोणी वाचत नाही. उलट सरकारी कागदाला उत्तर द्यायला हाती दुसरा कागद राहत नाही. म्हणून मूळ वही गावाकडेच राहावी. नक्कल द्यायची की नाही, कोणत्या कामासाठी द्यायची, हे ग्रामसभेने ठराव करून ठरवावे. काटा आपला असेल तरच व्यापाऱ्याच्या काट्यावर शंका घेता येते.

आता परभणीकडे या

डिसेंबर २०२२ मध्ये जगातल्या देशांनी मॉन्ट्रियलला ठरवले की २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखीव करायचा. त्या करारात भारत आहे. याचा अर्थ नकाशावर आणखी रेघा पडणार आहेत, समुद्रात पडतील तशा नदीकाठी, माळावर, तळ्यांवरही पडतील. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. जिथले पाणी कालव्याने परभणीच्या शिवारात येते, ते धरणच राखीव आहे. तेव्हा हे संकट समुद्राचे आणि आपण कोरडे, असे समजू नका.

आपल्या हातात एक कायदा आजही आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही हवी. गावात कोणती झाडे, कोणते मासे, कोणती बियाणी, कोणते पाखरू, त्याचे जाणकार कोण, हे गावाने स्वतः लिहायचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये राज्यांना तंबी दिली आणि ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली. मग काय, कागदी घोडे सुटले. समित्या झाल्या, नोंदवह्या झाल्या. बैठकीला आलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे: माझ्या गावच्या समितीत कोण आहे? नोंदवही मी पाहिली का? ती गावाने लिहिली की कोणी बाहेरच्याने टेबलावर बसून भरली?

गोदावरी पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतून वाहते. जिंतूरला पूर्णेवर येलदरीचे धरण आहे. काठावरच्या भोई समाजाला विचारा, मरळ आणि वाम आता किती मिळतात. वाळूच्या खड्ड्यांनी नदीचे पात्र कुठे किती खचले, हे काठच्या शेतकऱ्याला विहिरीच्या पाण्यावरून कळते. हीच गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते तिथे कोरिंगाचे खारफुटीचे अभयारण्य आहे. आपल्याकडे अडलेला गाळ आणि उपसलेली वाळू तिथल्या किनाऱ्याला मिळत नाही. नदीच्या दोन टोकांना बसलेली माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, पण हिशेब एकच आहे. त्या हिशेबाचे आपले पान आपण लिहायला हवे.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. त्यावर बोला, भांडा आणि ठराव करा.

१. प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत जैवविविधता नोंदवही मागावी, तिथेच मोठ्याने वाचून घ्यावी आणि चुकीचे असेल ते ठरावाने दुरुस्त करावे.

२. गोदावरी, पूर्णा आणि दुधना काठच्या गावांनी स्वतःची एक वही सुरू करावी. रोजचा पाऊस, पंधरवड्याला विहिरीची पातळी, नदीतली मासळी, वाळूचा उपसा, एवढेच लिहावे. लिहिणारे दोघे असावेत, त्यांत एक बाई असावी. वाचन चावडीवर व्हावे.

३. जिल्ह्यात कोणतेही पाणी, माळ किंवा वन राखीव करायचे असेल तर आधी ग्रामसभा, मग नकाशा. आणि गावाच्या नोंदीला पंचनाम्याइतके वजन मिळालेच पाहिजे, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी जावी.

४. मालवणच्या मच्छीमारांच्या मागणीला या जिल्ह्याचा पाठिंबा पत्राने कळवावा. राखीव समुद्राची मोजणी त्यांच्या हाती द्या, एवढे एकच वाक्य पुरे.

शेवटची गोष्ट. मोजमाप हे कोरडे काम आहे. त्यात घोषणा नाही, मिरवणूक नाही, गुलाल नाही. पावसात भिजत जाऊन आकडा लिहायचा आणि गप्प बसायचे, हे आंदोलन वाटत नाही. पण सरकार आपल्या आरडाओरडीला सरावले आहे. गावाने स्वतः लिहिलेल्या, सगळ्यांसमोर वाचलेल्या आणि सही-अंगठ्यांनी भरलेल्या वहीला ते अजून सरावलेले नाही. ती वही घेऊन एकदा कचेरीत जाऊ या.